अठरा प्रश्न आणि एक बाक

डहाणूला लोक चिकू आणायला जातात, नाहीतर समुद्र बघायला. मी एक प्रश्नावली दुरुस्त करायला गेलो होतो. परत आल्यावर शेजाऱ्यांनी पहिल्यांदा चिकूंचीच चौकशी केली. चिकू आणले होते, वाटूनही झाले. प्रश्नावलीची चौकशी कुणी केली नाही, म्हणून ती इथे सांगतो.

मी भाषांतरकार आहे. ज्यांच्या पुस्तकांना बक्षिसं मिळतात त्यांच्यातला नव्हे. मिक्सरबरोबर येणाऱ्या पत्रकात ‘पाते फिरत असताना भांड्यात बोट घालू नये’ असं जे मराठीत छापलेलं असतं, ते आमच्यासारख्यांचं साहित्य. मुंबईतल्या एका संस्थेने मला अठरा प्रश्न मराठीत करायला दिले. मुळात ते युरोपातल्या रोमा रुग्णांसाठी तयार झालेले. दवाखान्यात आपल्याला इतरांपेक्षा कमी लेखून वागवलं जातं असं माणसाला किती वाटतं, ते आकड्यात मोजायचं, असा बेत. तीच फूटपट्टी आता डहाणू-तलासरीतल्या आदिवासी रुग्णांना लावायची होती. रोमांचे पूर्वज फार पूर्वी आपल्याच बाजूने तिकडे गेले असं अभ्यासक सांगतात. त्यांना जायला पिढ्यान् पिढ्या लागल्या. त्यांची प्रश्नावली ईमेलने परत आली आणि मी पुण्यात पंख्याखाली बसून तीन दिवसांत तिचं मराठी केलं.

भरलेल्या फॉर्मांचा पहिला गठ्ठा संस्थेत पोचला, तेव्हा प्रत्येक प्रश्नापुढे जवळजवळ प्रत्येकाने एकच उत्तर दिलेलं होतं: ‘कधीच नाही’. याचे दोन अर्थ निघत होते. एक, या दोन तालुक्यांत रामराज्य आलं आहे. दोन, भाषांतर वाईट आहे. संस्थेतल्या केतकी नावाच्या हुशार मुलीने सौम्य शब्दांत दुसरा अर्थ निवडला. “सर, तुम्ही एकदा फील्डवर जाऊन याल का?” ती म्हणाली. फील्ड म्हणजे जिथे माणसं राहतात ती जागा.

डहाणू रोड, सोमवार

स्टेशनबाहेर आलो की आधी वास येतो तो भज्यांचा, मग सुक्या बोंबलांचा. पाट्या मराठीत, त्यांच्याखाली गुजरातीत, आणि दुकानदार गिऱ्हाइकाचा चेहरा बघून तिसरीच भाषा काढतो. मी मराठीत छत्री आहे का विचारलं, त्याने मला हिंदीत नाही म्हटलं आणि आतल्या माणसाला गुजरातीत काहीतरी सांगितलं, त्यावर तो हसला. हिवाळ्यात छत्री मागणाऱ्याला हसणं कुठल्याही भाषेत रास्तच आहे. मला ती उन्हासाठी हवी होती.

लॉजवर वनिता भेटायला आली. ती रानशेतच्या पुढच्या एका पाड्यावरची, स्वतः वारली, आणि त्या भागाची आशा सेविका. गरोदर बायांची नोंद ठेवायची, त्यांना तपासणीला न्यायचं, लहानांचं लसीकरण बघायचं, हे तिचं काम. पहिला गठ्ठा तिनेच भरून घेतला होता. तिने माझी प्रश्नावली पिशवीतून काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “सर, मराठी चांगलं आहे. पण हे कोणी कोणाला विचारत नाही.”

मी विचारलं, म्हणजे काय? ती म्हणाली, उद्या बघा.

त्या पिशवीत आणखी एक चीज होती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी संस्थेने उत्तरांचा चित्रतक्ता छापून घेतला होता. पाच वर्तुळं, पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत, आणि स्थानिक संस्कृतीचा मान राखावा म्हणून ते वारली शैलीत, गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी काढलेले. मुंबईत ते फार आवडले होते.

रानशेतच्या पुढचा पाडा, मंगळवार

इको गाडीत आम्ही अकरा जण आणि एक कोंबडा. गाडीतल्या बसण्याला काही नियम होते आणि ते कोंबड्यासकट सगळ्यांना माहीत होते, मला सोडून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून झालेली भातशेतं, मध्येच ताडाची झाडं, त्यांना टांगलेली मडकी. उतरल्यावर पंधरा मिनिटं चाललो. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली अंगणं, एवढी स्वच्छ की मी बूट कुठे काढावेत या विचारात दोनदा थांबलो.

इथे मला सगळे ‘तू’ म्हणत होते. म्हातारे, पोरं, सगळे. वारलीत तसंच बोलतात. कलेक्टर आला तरी तो ‘तू’च. पुण्यात दोन ‘अहो’ कमी पडले तर लोक आठवडाभर अबोला धरतात. इथे अर्ध्या तासात माझं वय, दात किती उरले आणि बायको बरोबर का आली नाही, हे सगळं ‘तू’ म्हणून विचारून झालं आणि मला फार हलकं वाटलं.

वनिताने बायकांना अंगणात बसवलं आणि मी चित्रतक्ता काढला. मग एका म्हातारीने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि वनिताला काहीतरी विचारलं. सगळं अंगण हसायला लागलं. हसणं थांबेना. म्हातारीचा प्रश्न असा होता: “यांना तोंडं कोणी दिली?”

लग्नात भिंतीवर रंगवायच्या चौकात या बायका शेकडो माणसं काढतात. नाचणारी, नांगर धरणारी, तारपा वाजवणारी. त्यांच्या डोक्याच्या जागी एक ठिपका असतो किंवा गोल. नाक-डोळे नसतात. आनंद आहे की दुःख, ते त्या माणसाच्या हातापायांवरून कळतं. संस्थेने संस्कृतीचा मान राखायला नेमकी तीच गोष्ट काढून घेतली होती जिच्यावर ती उभी होती. तक्ता पोरांकडे गेला आणि मला परत मिळाला नाही.

मग प्रश्न सुरू झाले. मी वाचायचं, वनिताने वारलीत सांगायचं. डॉक्टरांनी तुमच्याशी बोलायचं टाळलं का? कधीच नाही. तुमचं म्हणणं ऐकून न घेता औषध दिलं का? कधीच नाही. सहाव्या प्रश्नाला मात्र हालचाल झाली. ‘तुम्हाला इतर रुग्णांपासून वेगळ्या खोलीत ठेवलं का?’ रोमांना तिकडे वेगळ्या खोल्यांत टाकतात, त्या अपमानाबद्दलचा तो प्रश्न. इथे सगळ्यांचे डोळे चमकले. एकीने विचारलं, “वेगळी खोली मिळते?” गेल्या खेपेला ती एका खाटेवर दुसऱ्या बाळंतिणीबरोबर झोपली होती. सहावा प्रश्न पुढे काढून टाकायचा, असं मी वहीत लिहिलं.

शेवटच्या होत्या जैमती आणि तिची नणंद लाडकी. जैमती चोवीस-पंचवीस वर्षांची, दिवस भरत आलेले, पायांवर सूज. तिने अठराच्या अठरा प्रश्नांना शांतपणे ‘कधीच नाही’ म्हटलं आणि आत जाऊन माझ्यासाठी कोरा चहा आणला. रुग्णालयाबद्दल इतका समाधानी माणूस मी पुण्यातल्या महागड्या इस्पितळातही पाहिलेला नाही.

परतताना वनिता म्हणाली, “ही जैमती या वेळी दवाखान्यात जायला नाय म्हणते. घरीच होणार म्हणते.” पहिलं मूल रुग्णालयात झालं होतं, सुखरूप. आता तिचा रक्तदाब वाढत होता. वनिताने दोनदा यंत्र लावून पाहिलं होतं, दोन्ही वेळा जास्त. घरी बाळंतपण होऊन काही बिघडलं तर इथून रस्त्यापर्यंत झोळी करून न्यावं लागतं आणि मग गाडी मिळेल तेव्हा. “मी तिला तीन वेळा विचारलं, का नाय. ती म्हणते, काय नाय, असंच.”

मी फॉर्म पुन्हा काढून पाहिला. अठरा वेळा ‘कधीच नाही’. आमच्या फूटपट्टीप्रमाणे जैमतीला काहीही त्रास झालेला नव्हता, आणि ती मरायचा धोका पत्करायला तयार होती, पण तिथे परत जायला नव्हती.

झाई, बुधवार

वनिताला बुधवारी लसीकरण होतं, म्हणून मी सुट्टी घेतली आणि एसटीने झाईला गेलो. महाराष्ट्र इथे संपतो. संपताना काही गाजावाजा करत नाही. एक खाडी आहे, मचव्यांची रांग आहे, आणि पलीकडच्या माणसांचं बोलणं थोडं गोड होतं. वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींखालून मांजरं फार विचारपूर्वक चालत होती.

केतकीच्या ओळखीचं एक वाडीवाल्यांचं घर होतं. चिकू, नारळ, थोडी भाजी. घरच्या काकूंनी जेवायला बसवलं. उकडहंडी होती: मडक्यात वालपापडी, कंद, वांगी, ओवा आणि हिरवा मसाला भरून, तोंड पाल्याने बंद करून जाळात भाजलेली. मी तीनदा घेतली आणि चौथ्यांदा नको म्हणताना आवाजात जोर नव्हता. काकूंना माझ्या कामाचं फार कौतुक वाटलं. दवाखान्यात आदिवासींना कसं वागवतात ते त्यांना इत्थंभूत ठाऊक होतं. कुठली नर्स ओरडते, कुठला डॉक्टर लांबूनच तपासतो. माणसाला माणूस म्हणून वागवायला काय जातं, असं म्हणत त्यांनी चहा गाळला. आम्हाला कपबशा. मग त्या मागच्या दाराला गेल्या, आणि वाडीत काम करणाऱ्या दोन बायकांनी कुंपणाच्या खुंटीवर टांगलेले आपले वेगळे दोन पेले काढून पुढे धरले. काकूंनी त्यात वरून चहा ओतला. धार चांगली हातभर होती आणि एक थेंब सांडला नाही, इतका सराव.

मी सहज म्हणून विचारलं, इकडे घरांतून असा भेद अजून असतो का? काकू म्हणाल्या, “आमच्याकडे नाही हो तसलं काही. पलीकडच्या वाडीत आहे.”

मला राग यायला हवा होता. आला तो आमच्या आईची आठवण झाल्यामुळे थोडा लाजून परत गेला. आमच्या घरी मोरीजवळच्या कोनाड्यात कामवाल्या बाईंचा एक कप असायचा. त्याचा कान तुटला होता. तो मी कितीतरी वर्षं पाहिला आणि आमच्याकडे तसलं काही नाही, असं मी तेव्हा कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं.

चिकूची पिशवी घेऊन तलासरीवरून परत फिरलो. हायवेवर गाडीची वाट पाहताना कडेवर तापलेलं पोर घेतलेली एक बाई भेटली. ती गुजरातच्या हद्दीतल्या दवाखान्यात निघाली होती. जवळचा दवाखाना तिने मागे टाकला होता, आम्हाला दोघांनाही तिथून त्याचं फाटक दिसत होतं. तिकडचा दवाखाना जास्त चांगला आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, सारखाच. मग लांब का? “तिकडं आपल्याला कोण ओळखत नाय,” ती म्हणाली आणि आलेल्या गाडीत चढली.

पुन्हा पाडा, गुरुवार

गुरुवारी लाडकीच्या अंगणात मी काकूंची गोष्ट सांगितली. पलीकडच्या वाडीत आहे, या वाक्यावर सगळ्या हसल्या. लाडकी वालपापडी निवडत होती. ती म्हणाली, बरोबरच आहे, आपलं आपण काय सांगायचं? पाहुणा आला, त्याला चहा द्यायचा की आपलं रडगाणं? आपलं दुसऱ्याने सांगायचं असतं.

वनिता माझ्याकडे बघत होती. ‘हे कोणी कोणाला विचारत नाही’ म्हणजे काय, ते तिला आता सांगावं लागलं नाही. मी वहीचं नवीन पान काढलं आणि लाडकीला विचारलं, तुझं राहू दे, जैमतीचं सांग.

जैमती तिथेच होती. उठून गेली नाही. पापडीच्या शिरा काढत मान खाली घालून बसली. लाडकीने पापडीचा ढीग बाजूला सारला आणि आनंदाने सुरुवात केली.

गेल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा पहाट होती. “चार वाजता,” जैमती खालून म्हणाली. थंडी होती तरी ती आंघोळ करून निघाली, दवाखान्यात जायचं म्हणून. लग्नातलं लुगडं नेसली. तिथे बाहेर एक बाक आहे, त्यावर बसवलं. तिच्या आधी तिथे बाजारातल्या एका दुकानदाराची बायको बसली होती. ती उठून आत गेली. मग जैमती बसली. मग जैमतीला हाक आली, ती उठली, आणि मागून तिथली मावशी कापड घेऊन आली आणि बाक पुसला. फिनेल घालून.

“निळं कापड,” जैमती म्हणाली.

दुकानदारणीच्या मागे पुसला नव्हता, असं लाडकी म्हणाली. हिच्या मागे पुसला. हिने दारातून वळून बघितलं.

जैमतीने एक शेंग सोलली, आतला दाणा किडका निघाला, तो कोंबडीकडे फेकला. मग ती वर न बघता म्हणाली, “आंघोळ केली होती.”

डॉक्टर तिला टाकून बोलला नव्हता. नर्स ओरडली होती, पण ओरडते तर सगळ्यांवरच. औषध मिळालं, मूल झालं. अठरा प्रश्नांच्या अठरा फटींतून बाक सुटून गेला होता. मी तिला विचारलं, हे कारण आहे का न जायचं? लाडकीने उत्तर दिलं, “तेच आहे. मला ठावूक आहे.” आणि जैमतीने ते दुरुस्त केलं नाही.

मग मात्र सगळ्यांना जोर चढला. एकीचं दुसरी सांगायला लागली, दुसरीचं तिसरी, आणि जिचं चाललं असेल ती मधूनमधून तपशील नीट करून द्यायची. दुपारपर्यंत माझी वही भरली. मी केतकीला फोन केला. ती म्हणाली, “सर, हे पद्धतीत बसत नाही. उत्तर ज्याचं त्यानेच द्यायला हवं.” मी म्हटलं, ज्याचं त्याने दिलेलं तुमच्याकडे आहेच, गठ्ठ्याने.

एक सरकारी रुग्णालय, शुक्रवार

रुग्णालयाचं नाव आणि गाव सांगत नाही. जे तिथे पाहिलं ते कुठेही दिसलं असतं.

मी संशयी माणूस आहे आणि संशय दोन्ही बाजूंना सारखा वाटतो. एखाद्या दिवशी एकदा पुसलेला बाक म्हणजे काय पुरावा, तेव्हा तो पुसायचाच असेल. म्हणून सकाळी नऊला जाऊन त्या बाकावर बसलो. हिरवा रंग, तीन माणसांची जागा. मावशी कोपऱ्यात स्टुलावर. शेजारी बादली. कापड निळं होतं.

पाच मिनिटांनी मी उठलो आणि खिडकीपाशी गेलो. मावशी हलली नाही. माझ्या जागी एक म्हातारा वारली बसला, डोक्याला मफलर, हातात कागद. त्याला बोलावलं. तो उठताच मावशी आली, कापड फिरवलं, गेली. मी पुन्हा बसलो, उठलो. काही नाही. मोटरसायकलची किल्ली फिरवणारा एक तरुण बसला, उठला. काही नाही. पोर घेतलेली एक बाई बसली, उठली. कापड. असं मी सहा वेळा बसलो आणि सहा वेळा उठलो. सहाव्यांदा शेजारच्या गृहस्थांनी माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं की मूळव्याधीचे डॉक्टर मंगळवारी येतात.

तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात, चालताना किल्ल्यांचा आवाज. काय पाहिजे, असं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या आधी चिडल्या. बावीस खाटांचं रुग्णालय दोन डॉक्टरांवर चाललंय, आणि तुम्ही बाक मोजताय, असं म्हणाल्या. त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, फक्त दहा मिनिटं माझ्याबरोबर खिडकीशी उभ्या राहा. त्यांनी चहा मागवला, बहुधा मला लवकर घालवायला, आणि उभ्या राहिल्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांचा चहा निवला. नंतर त्यांनी तो प्यायलाच नाही.

मावशीला बोलावलं. ती घाबरली नाही, कारण आपण काही चुकीचं करतो असं तिला वाटतच नव्हतं. कोरोनाच्या वेळी एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, प्रत्येक माणूस उठला की बाक पुसायचा. नंतर फिनेल पुरेना. मग ती गरज असेल तिथेच पुसायला लागली.

“गरज कुठे आहे ते कसं कळतं?” सिस्टरनी विचारलं.

“बघितलं की कळतं ना, सिस्टर.”

सिस्टरनी चष्मा डोळ्यांवर चढवला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “उद्यापासून एकतर सगळ्यांच्या मागे पुसायचं, नाहीतर कोणाच्याच नाही. काय करतेस?”

मावशीने विचार केला. पुसणं सोडणं तिला पटण्यासारखं नव्हतं. “सगळ्यांच्या,” ती म्हणाली. “डॉक्टरांच्या पण?”

“जो बसेल त्याच्या. मी बसले तरी.”

मी वनिताला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, जैमती माझ्या सांगण्यावर यायची नाय. मग म्हणाली, “पण बाक बघायला येईल. लाडकी आणेल.”

शनिवार

शनिवारी तिथे समारंभ निघाला, हे मला आधी माहीत असतं तर मी आदल्या दिवशीच चिकू घेऊन पुण्याला पळालो असतो. वरून एक साहेब येणार होते. उद्घाटन होतं ‘रुग्णस्नेही प्रतीक्षा कक्षा’चं. कक्ष म्हणजे तीच पडवी, तोच बाक; त्यात नवीन एवढंच की वर पाटी लागली होती आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या झाडांच्या कुंड्या आल्या होत्या. फीत बांधायला जागा नव्हती, म्हणून ती एका कुंडीपासून दुसऱ्या कुंडीपर्यंत बांधली होती आणि रुग्ण तिच्याखालून वाकून ये-जा करत होते.

दहा वाजता वनिता आली. मागे लाडकी, आणि तिच्या मागे जैमती, एक हात कमरेवर. फक्त रक्तदाब बघून परत जायचं, या बोलीवर आली होती. ती बाकावर बसली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि मावशीकडे बघत राहिली.

साहेब अकराला आले. फीत कापली. फोटोसाठी त्यांना रुग्णांच्या मध्ये बाकावर बसवलं. एका बाजूला मफलरवाला एक म्हातारा, दुसऱ्या बाजूला पोर घेतलेली बाई. तिघांचा फोटो निघाला, त्यात फक्त साहेब हसत होते. मग भाषणाला साहेब उठले. माइक हातात घेतला, म्हणाले, “या ठिकाणी प्रत्येक रुग्णाला समान वागणूक...”

आणि मागून मावशी आली. आज तिच्या बादलीत नवीन फिनेल होतं. सिस्टरचा शब्द तिने अक्षरशः घेतला होता, आणि समारंभाचा दिवस म्हणून थोडा जास्तच. म्हातारा आणि बाई यांच्या मधली ती एक जागा तिने ओंजळभर फिनेल शिंपडून, निळ्या कापडाने, कडेपासून कडेपर्यंत पुसली, वाकून बघितलं, एक डाग राहिल्यासारखा वाटला तो पुन्हा घासला. वास साहेबांपर्यंत पोचला. ते थांबले, वळले, बाकाकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं. फोटोवाल्याने तेवढ्यात कळ दाबली. हाताखालचे लोक एकमेकांकडे बघायला लागले. सिस्टर समोरच्या भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे अत्यंत लक्ष देऊन पाहत होत्या.

साहेबांना बसता येईना, जागा ओली होती. म्हणून भाषण आणखी दहा मिनिटं चाललं.

लाडकी उघड हसली. जैमतीने पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते, मग एक हात पोटाखाली धरून ती भिंतीवरून घसरत खाली बसते की काय असं वाटलं. वनिता घाबरून धावली. जैमती म्हणाली, काय नाय, काय नाय, आणि पुन्हा हसायला लागली.

साहेब गेल्यावर जागा वाळली. जैमती जाऊन बाकावर बसली. नाव पुकारल्यावर उठली, पण आत गेली नाही. दारात थांबून वळली. मावशी आली, पुसलं. मग तिथे बाजारातली एक बाई बसली, सोन्याच्या बांगड्या घातलेली. तिलाही हाक आली. मावशी आली, पुसलं. त्या बाईने कपाळाला आठी घातली. जैमतीने ती आठी शेवटपर्यंत पाहिली आणि मगच आत गेली.

रक्तदाब फार वाढलेला होता. सिस्टर म्हणाल्या, आता घरी सोडणार नाही, आजच राहायचं. वनिताने माझ्याकडे पाहिलं, मी वनिताकडे. आम्हा दोघांनाही वाटलं, आता ‘काय नाय, असंच’ येणार. जैमती लाडकीकडे वळून म्हणाली, “घरून माझं दुसरं लुगडं आण.”

पुणे

चिकूंपैकी निम्मे प्रवासात पिकून फुटले आणि माझ्या कागदांना त्यांचा वास लागला. प्रश्नावली नव्याने केली: सहावा प्रश्न गेला, चेहरे गेले, आणि प्रत्येक प्रश्न दोनदा आला, एकदा स्वतःबद्दल आणि एकदा शेजारणीबद्दल. केतकीने पद्धतीबद्दल दोन लांब ईमेल लिहिले आणि तिसऱ्यात होकार दिला.

जैमतीला मुलगी झाली. रुग्णालयातच, रक्तदाबाला दोन दिवस औषधं देऊन. वनिताचा फोन आला तेव्हा मागे एक बारीक, खडा आवाज येत होता. ती म्हणाली, जैमती इथेच आहे, तुमचा फॉर्म भरून घेते, तुम्ही फोनवरच राहा. मी पेन घेतलं. उत्तर देणारीचा क्रमांक चौदा. वनिताने विचारलं, रुग्णालयात तुला कधी वेगळी वागणूक मिळाली का?

जैमतीचं वारलीतलं उत्तर मला लांबून ऐकू आलं, आणि मग वनिताने हसू आवरत त्याचं मराठी केलं.

“ती म्हणते, माझं काय विचारतोस? त्या साहेबाचं लिही. एकटा तोच दचकला.”

स्वतःबद्दलचा रकाना मी रिकामा ठेवला. शेजारणीच्या रकान्यात ‘क्वचित’वर खूण केली.